उजव्या खांद्यावरची खूण

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. ठेवलाच, तर त्याने पनवेलजवळ विचुंब्याला येऊन मला भेटावं. सी विंग, सातवा मजला. चहा पाजीन आणि डोकं तपासून घ्यायचा सल्लाही फुकट देईन. पण गोष्ट खरी आहे. पुरावा आमच्या घरात खिळ्याला टांगलेला आहे: हिरव्या रबराचा एक पंखा, पाणबुडे पायात घालतात तसला. जोडीतला एकच. दुसरा कुठे गेला ते शेवटी कळेल.

मागच्या रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसात मी माईकवर हेच बोललो, तेव्हा पहिल्या रांगेतून आमची मंडळी, म्हणजे गुणाबाई, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "झाला सुरू."

कार्यक्रम खरं तर आमच्या नातीचा होता. तिचं नाव पूर्वी. आठवड्याचे पाच दिवस ती कळंबोलीला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते आणि शनिवार-रविवार पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरते. कोणी सांगितलेलं नाही, पगार नाही. असे दहा-बारा जण आहेत. त्यांच्या पुढारी खांदा कॉलनीतल्या दाताच्या डॉक्टर अरुंधतीबाई. पाण्याखालच्या खडकांत अडकलेली फुकट गेलेली जाळी ही मंडळी कापून वर आणतात, खडकातले मासे मोजतात आणि मग शाळांमध्ये, सोसायट्यांमध्ये जाऊन लोकांना पडद्यावर दाखवतात, की बाबांनो, तुमच्या ताटात येतं ते आधी कुठे राहतं बघा.

त्या दिवशी पूर्वीने हेकरूचं सांगितलं. हेकरू म्हणजे खडकात राहणारा, जाड ओठांचा, अंगावर ठिपके असलेला मासा. ती म्हणाली, हेकरू जन्मतो तो मादी म्हणून. वाढत वाढत फार मोठा झाला की त्यातला एखादा नर होतो. म्हणून खडकातला सगळ्यात मोठा हेकरू उचललात, तर त्या खडकातल्या सगळ्या पोरांचा बाप उचललात.

"म्हणजे जन्मभर बाई म्हणून राबायचं नि म्हातारपणी नवरा व्हायचं?" गुणाबाईने विचारलं. "बरं हाय. तवा तरी कुनी ताट वाढील."

अख्खं क्लबहाउस हसलं. त्या हसण्यात अरुंधतीबाई म्हणाल्या, "काशिरामकाका, तुम्ही जुने मच्छीमार. पाच मिनिटं तुम्हीही काहीतरी सांगा." चूक त्यांची आहे, माझी नाही.

माईक हातात आल्यावर मी मागे पाहिलं, तर पाण्याच्या कूलरजवळ तुळशीराम तांडेल बसलेला. उरणकडच्या करंजाचा. ज्याच्या होडीवरून ही सगळी पोरं पाण्यात उतरतात तो. आम्ही बरोबरीचे, एका धक्क्यावर वाढलो. त्याला कोणी बोलावलं होतं मला माहीत नाही, मी तरी नाही. पण तोंड उघडून झालं होतं.

तर ऐका.

समुद्रात रस्त्यांना नावाच्या पाट्या नसतात. आठ वाव, म्हणजे पन्नासेक फूट, पाण्याखाली असलेला खडक परत सापडायचा तर किनाऱ्यावरचे दोन डोंगर एका रेषेत धरायचे. अमुक सुळका तमुक डोंगराच्या खांद्यावर बसला की नांगर टाक, खाली खडक आहे. याला आम्ही खूण म्हणतो. आता होड्यांवर यंत्रं आली, पण यंत्रात आकडे भरायला आधी जागा ठाऊक लागते. आणि खूण ही घरातली वस्तू आहे. माझ्या बापाने मला त्याच्या खडकाची खूण दिली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. होडीत आम्ही दोघंच, तरी त्याने चारी बाजूला पाहिलं आणि माझा हात वल्ह्यावर ठेवायला लावून मगच बोलला. त्याला त्याच्या बापाने दिलेली. खूण फोडणाऱ्याला आमच्यात होडीवर घेत नाहीत. भांडणात कोणी कोणाचं डोकं फोडलं तर पुढच्या नारळी पुनवेला समेट होतो. खूण फोडली तर होत नाही.

पण लोक विचारतात ना! पाटी भरून हेकरू आणलेत, तर धक्क्यावर दहा जण विचारणार, कुठे लागला? गप्प राहिलं तर शिष्ट म्हणतात. म्हणून बापाने खुणेबरोबर दुसरीही एक गोष्ट शिकवली. डोंगर खरा सांगायचा, खांदा खोटा सांगायचा. सुळका डाव्या खांद्यावर असेल तर उजव्या म्हणायचं. माणूस जातो, चिखलात गळ टाकतो, रिकामा येतो, आपल्याला दोन शिव्या देतो, प्रकरण मिटतं. चाळीस वर्षं मी हे करत आलो. धक्क्यावर सगळे हेच करतात. त्याला आमच्यात खोटं म्हणत नाहीत, शेजारधर्म म्हणतात.

"तुमचा खडक कुठे होता, काका?" दुसऱ्या रांगेतून चष्मेवाल्या एका गृहस्थाने विचारलं.

"द्रोणागिरीच्या उजव्या खांद्यावर कर्नाळ्याचा सुळका आला की," मी म्हणालो. सवय! तुम्हीही लिहून घेऊ नका.

जानेवारीतली गोष्ट. थंडीत आमच्याकडचं पाणी जरा निवळतं. म्हणजे एरवी डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नाही, तो जानेवारीत कोपरापर्यंत दिसतो. गुरुवारी रात्री जेवताना पूर्वीने विचारलं, "आजोबा, तुमच्या त्या खडकावर मासे अजून असतील का? आम्हाला मोजायचेत. कोणी कधी गेलंच नाही तिथे. सिरियसली सांगा ना, कुठे आहे?"

मी बोंबलाचा काटा काढत होतो. मान वर न करता बोलून गेलो, "द्रोणागिरीच्या उजव्या खांद्यावर."

विचार केला नाही. देवाशपथ सांगतो, तिला फसवायचं म्हणून बोललो नाही. चाळीस वर्षं त्या प्रश्नाला ते एकच उत्तर तोंडातून निघत आलं, तसं निघालं. ती खूश झाली, मोबाईलमध्ये लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, जातील, चिखल बघतील, परत येतील. शिव्या घालायच्या ऐवजी नात दोन दिवस रुसेल.

रविवारी पहाटे सहाला ती गेली. जाताना म्हणाली, "अकरा वीसला पाणी उभं राहतंय, तेव्हाच उतरणार. अर्धा तास आरामात मिळेल." पाणी उभं राहणं म्हणजे भरती संपली आणि ओहोटी अजून लागली नाही, अशी मधली वेळ. समुद्र तेवढा श्वास रोखतो.

साडेनऊला मी गॅलरीत दाढी करत होतो. आमच्या गॅलरीला कबुतरांसाठी नायलॉनचं जाळं लावलेलं आहे, सगळ्याच फ्लॅटना असतं. खाडीकडून वारा आला आणि ते जाळं आत फुगलं. पोट धरून फुगतं ना, तसं. वारा पडला, जाळं लोंबलं. परत वारा आला, परत तोंड उघडलं.

माझा वस्तरा गालावरच थांबला.

एकोणीस वर्षांपूर्वी माझी डोल गेली होती. डोल म्हणजे समुद्राच्या तळाला खुंट रोवून बांधलेलं, लांबलचक पिशवीसारखं जाळं. पाणी उभं असताना ती निपचित पडलेली असते. ओहोटीची ओढ लागली की तिचं तोंड आ करून उघडतं आणि पाण्याबरोबर जे येईल ते शेपटापर्यंत आत जातं. बाहेर येत नाही. एका तुफानात माझ्या डोलीचे वरचे दोर तुटले. खुंट आणि जाळं खालीच राहिलं. काढायला जायचं होतं, पण त्याच महिन्यात न्हावा शेव्याला कंटेनर बांधायच्या कामावर लागलो आणि समुद्र सुटला. नायलॉन कुजत नाही.

आणि ती डोल मी कुठे रोवली होती? माझ्या खोट्या खुणेवर. उजव्या खांद्यावर. कारण तिथे सगळे एकदा जाऊन शिव्या देऊन आले होते, परत कोणी फिरकायचं नाही. जागा मोकळी मिळायची. मी स्वतःला फार हुशार समजायचो.

गुणाबाई चहा घेऊन आली. "काय झालं?"

"काय नाय."

"काय नाय म्हंजे कायतरी झालं. अर्ध्या गालाला साबन हाय नि तोंड पांढरं."

मी सांगितलं. ती तशीच आत गेली आणि एकवीरेच्या फोटोपुढे दिवा लावला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पूर्वीला फोन लावला. बंद. तुळशीरामला लावला, तर बाई म्हणते संपर्क क्षेत्राच्या बाहेर. करंजाच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात लावला. तिथे दिनानाथ बसतो, वायरलेस सांभाळतो.

"दिनानाथ, तुळशाला वायरलेसवर सांग, पोरांना उतरवू नको. खाली डोल हाय, खुंट हायेत."

"काका," दिनानाथ म्हणाला, "गेल्या वर्षी तुमी सांगितलेला देवमासा अजून यायचाय."

"अरे बाबा, या टायमाला खरं हाय."

"त्या टायमाला पन हेच बोललावता. अर्धा गाव धक्क्यावर उभा केला तुमी. माज्या सासूला न्हेलीवती मी देवमासा दाखवायला." फोन ठेवला. परत लावला, उचलला नाही.

देवमाशाचं काय झालं होतं ते जाऊ द्या. ती वेगळी गोष्ट आहे, आणि तीही खरी आहे.

खाली बाळूची रिक्षा उभी होती. म्हटलं, करंजा. तो म्हणाला, काका, करंजा कुठे नि मी कुठे, दुपारी मला साखरपुड्याला जायचंय. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने रिक्षा चालू केली. वाटेत विचारलं, "कोण गेलं का?" मी म्हटलं, तू चालव. एरवी मी त्याला उरणपर्यंत तीन गोष्टी सांगितल्या असत्या.

गव्हाण फाट्याच्या अलीकडे कंटेनरची रांग लागलेली. तुम्ही सगळे त्या रस्त्याने जाता, तुम्हाला सांगायला नको. एकामागे एक ट्रेलर, जणू बंदरापासून पनवेलपर्यंत पत्र्याची भिंत. ज्या कंटेनरना मी इतकी वर्षं साखळ्या घातल्या, ते सगळे त्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसले. दहा वाजून चाळीस. बाळूने रिक्षा कडेच्या मातीतून घातली. दहा पन्नास. एका ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरून निवांत पान लावत होता. मला त्याचे पाय धरावेसे वाटले आणि मानगूटही.

मी डोळे मिटले की पूर्वी दिसायची. पाचवीत असताना धक्क्याच्या पायरीवर बसून चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मोजायची, मोठी झाल्यावर हेकरू मोजायला लागली. पाण्याखाली तिला काय दिसणार? कोपरापर्यंत. समोर चिखलासारखं काहीतरी पडलेलं दिसेल. ती म्हणेल, हरवलेलं जाळं आहे, कापू या. कामच ते त्यांचं. म्हणजे ती त्यापासून लांब पळणार नाही, उलट सुरी काढून जवळ जाईल. हे मला गव्हाण फाट्यावर सुचलं आणि मी बाळूचा खांदा धरून म्हटलं, थांबू नको.

उरण ओलांडलं तेव्हा अकरा वीस झाले होते. पाणी उभं राहिलं होतं. उतरली असणार.

ऑफिसच्या पायऱ्या मी कशा चढलो आठवत नाही. अकरा पस्तीस. गुडघा आठवतो, कारण तो अजून दुखतो. दिनानाथने माझं तोंड बघितलं, अर्ध्या गालाला सुकलेला साबण, आणि मुकाट्याने माईक माझ्याकडे सरकवला. तेवढ्यावर मला वाटलं, जमलं.

"तुळशा! तुळशा, काशिराम बोलतोय. पोरांना वर घे."

खरखर झाली. मग तुळशीरामचा आवाज. "काशा? तू कुठं मरायला आलास? पोरं खाली हायेत. दोरी माज्या हातात हाय. दर दोन मिन्टांनी एक झटका येतंय, मस्त चाललंय."

"वर घे त्यांना. खाली माझी डोल हाय."

"तुझी डोल? तू तर बोललावतास, तुझी डोल शार्क मासा घेऊन गेला. लग्नात सांगितलंस माझ्या पोरीच्या, चारशे मान्सांसमोर."

आता वायरलेस म्हणजे तुमचा मोबाईल नव्हे. त्या चॅनलवर जेवढ्या होड्या आहेत, सगळ्यांना सगळं ऐकू जातं. कोणीतरी हसला. दुसरा म्हणाला, काशिरामदादा, शार्कला विचारा, जाळं परत देतो काय. तिसरा म्हणाला, आज जलपरी नाय का दादा? समुद्रभर माझी चेष्टा चालली होती आणि भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

"तुळशा, मी खरं सांगतोय."

"तू सुरुवात अशीच करतंस रे," तो म्हणाला. आणि मग, "पानी फिराय लागलं. पान्यावर तरंगता बोया डुलतंय."

मित्रांनो, ओहोटी लागली होती. खाली, आठ वाव पाण्यात, डोल तोंड उघडत होती. आणि मी पन्नास वर्षं थापा मारून मारून माझा शब्द इतका पातळ करून ठेवला होता, की त्याला धरून एक पोर वर येईना.

क्लबहाउसात मागे लहान मुलं खेळत होती, तीही थांबली. चष्मेवाले गृहस्थ पुढे सरकून बसले. गुणाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ही गोष्ट तिला इथपर्यंतच ठाऊक होती, पुढचं मी घरीही कधी सांगितलं नव्हतं. पूर्वी पडद्याजवळ उभी होती. तिने हातांची घडी घातली. त्या दिवसानंतर ती माझ्याशी तीन दिवस बोलली नव्हती, आणि चौथ्या दिवशी बोलली ती एवढंच, की आजोबा, तुमची डोल आम्ही कापून काढणार आहोत, तुम्ही वजन सांगा.

"मग?" कोणीतरी विचारलं. "मग काय केलंत तुम्ही?"

मी एक घोट पाणी प्यालो.

मग मी माईक फेकला. ऑफिसातून बाहेर पळालो, धक्क्याच्या टोकाला गेलो आणि शर्टासकट उडी मारली. हसू नका. वय एकाहत्तर, गुडघा हा असा. होडी कुठे, तर समुद्रात तासाभरावर. दहा हात मारले आणि दम संपला. बुडालोच म्हणा. तेवढ्यात पायाखाली काहीतरी टणक लागलं. मला वाटलं खडक. खडक हलला.

हेकरू! अहो, हेकरू म्हणजे केवढा? बाळूची रिक्षा पाहिलीत ना? तेवढा. ठिपके थाळीएवढाले. ओठ असे, की वरच्यावर माझ्या गुणाबाईची माशांची पाटी ठेवली असती. माझ्या बापाच्या खडकातला तो. आम्ही तीन पिढ्या त्याची पोरं-नातवंडं नेली, पण त्याला कधी हात लावला नाही, ते त्याने लक्षात ठेवलं होतं. मी त्याच्या पाठीवरचा काटा धरला. निघाला! खाली पाणी कापलं जातंय, कानात सूं आवाज. पाच मिनिटांत डोलीच्या तोंडाशी. बघतो तर पोरीचे दोन्ही पाय आत, आणि ओढ अशी, की टाकीचा पट्टा ताणलेला. हेकरूने काय करावं? जाळ्याच्या तोंडात स्वतः जाऊन आडवा बसला. पाणी अडलं. डोल मिटली. मी पोरीला खाली ढकलली, खाली म्हणजे वर, पाण्यात दिशा कळत नाही. ती सुटली. तिच्या पायातला एक पंखा मात्र त्याने तोंडात धरला तो धरलाच. म्हटलं, राहू दे तुला, आठवण. म्हणून घरात एकच आहे.

मुलांनी टाळ्या पिटल्या. चष्मेवाले गृहस्थ हसत हसत चष्मा पुसायला लागले. अरुंधतीबाई कपाळाला हात लावून हसत होत्या. माझं काम झालं होतं, मी माईक खाली ठेवणार तेवढ्यात कूलरजवळची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"खोटं," तुळशीराम उभा राहून म्हणाला.

"तुळशा, बस," मी म्हणालो. "पाच मिनिटं संपली."

"खोटं बोलतंस, काशा. तू धक्क्यावर गेलाच नाय. दोनी हातांनी माईक धरून उभा व्हतास. दिनानाथ बाजूला व्हता, त्याला इचारा कुनी पन." तो लोकांकडे वळला. माईकची त्याला गरज नव्हती, होडीवरचा आवाज. "आमी हसत व्हतो. मी पन. आनि मग यानं बापाची खूण सांगितली. खरी. डोंगर, खांदा, दुसरी रेघ, किती वाव, सगलं. रडत रडत, पन एक एक शब्द नीट. बोलला, ही माझी खरी खूण, आनि तुमी उभे हाव ती खोटी. वायरलेसवर. अठरा होड्या ऐकत व्हत्या."

गुणाबाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पूर्वीचे घडी घातलेले हात सुटले.

"आमच्यात मानूस कायपन थाप मारील," तुळशीराम म्हणाला, "पन सोताच्या बापाची खूण कुनी फोडत नाय. कुनी हसला नाय मग. मी त्याच मिन्टाला दोरी खेचली. पोरीचा एक पाय जाल्यात गेलावता. पंखा गेला, पोर आली."

"वायरलेसवर खरखर होती," मी म्हणालो. "वारा होता. तुला नीट ऐकू आलं नसेल. मी उजवा खांदाच—"

"मना नीट ऐकाय आलं. काय ऐकलं ते मी हितं बोलनार नाय. त्या अठरांतला एक पन आजवर कुठं बोलला नाय." त्याने खुर्चीची पाठ धरली. "मी गेलतो तिथं. शिमग्याच्या आदी, एकला. बघाय, का ती पन थापच. खडक हाय. गल टाकला तर त्याच्यावरचा म्हातारा लागला. होडीच्या काठापावतर आनला. पोरगी सांगते ना, सगल्यांचा बाप, तो. हुक काढला नि पान्यात सोरला."

मग त्याने माझ्याकडे बोट केलं.

"आनि रिक्षाएवढा नाय, काशा. स्कूटीच्या शीटएवढा हाय. पोरांसमोर तरी खोटं बोलू नको."